दाराबाहेरची खुर्ची

शंकरअण्णांना कुणाच्याही घरी चहा चालत नसे. ते दूध मागत. पेला हातात आला की त्यात करंगळी बुडवायची, एक थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा आणि अंगठा हळूच तिरपा करायचा. थेंब टिकला तर ठीक. ओघळला तर पेला खाली ठेवून यजमानाच्या तोंडावर सांगत, "नखावर टिकत न्हाय."

पुतण्यासाठी जयसिंगपूरला स्थळ बघायला गेले होते. मुलगी चांगली, घर चांगलं, पुतण्या तर पसंतीच्या पुढं जाऊन लाजायला लागला होता. अण्णांनी थेंब नखावर घेतला आणि उठलेच. म्हणाले, "पावण्याच्या दुधात पाणी घालणारी माणसं पोरगीचं वय तरी खरं सांगतील काय?" पुतण्या वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही.

ते आमच्या गल्लीतले गवळी. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. सकाळ-संध्याकाळ म्हशी चौकातल्या दूधकट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाईक पेला धरून उभं असेल त्याच्यासमोर धार काढायची आणि फेसाळलेलं दूध तिथंच प्यायला द्यायचं, हा त्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. पाण्याचा संशयच नको. कट्ट्यावरून परत येताना साडेसहाला आमचा लिटर दारात ठेवत आणि "दूऽऽध" अशी हाळी देत. त्या हाळीनं आमच्याबरोबर पुढची चार घरं उठायची.

मी सरकारी कचेरीत टायपिस्ट. इस्त्रीचा शर्ट, गारगोटीच्या शाळेत पहिला आल्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर. हे सगळं असून मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. गल्लीत काही झालं की लोक आमचं दार ओलांडून त्यांच्याकडं जायचे. पण अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत हा हेवा फार वाढला, आणि त्याचं कारण मुंबईतलं एक हॉटेल.

एका रविवारी अण्णा आले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"कांबळेसाहेब, म्हमईत एक हाटेल बघून द्या. दोन रातींसाठी."

"काय काम काढलंत?"

"काम कसलं? हिला पन्नास लागालेत. देवीच्या किरणोत्सवाच्या दिसांत जन्मलीया एवढंच ठाव हाय, तारीख कुणाला म्हाईत? म्हटलं, एकदा न्यावं हिला."

स्वयंपाकघरात भांडं आपटलं. ती आमची कमल. तिच्या गेल्या वाढदिवसाला मी कुकरची नवी रिंग आणली होती, तीही तिनं चारदा सांगितल्यावर. अण्णा गेल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, "गवळ्याला कळतंय." एवढंच. पुढं काही म्हणाली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

अण्णांना लिहिता-वाचता बेताचंच येत होतं. त्यामुळं हॉटेलांना इंग्रजीत पत्रं टाइप करायची, आलेली उत्तरं वाचून दाखवायची, हे काम माझ्याकडं आलं. मी कचेरीतल्या एका मुंबईकडच्या माणसाकडून सहा पत्ते मिळवले. सातवं हॉटेल अण्णांनी स्वतः एसटीडी बूथवरून फोन लावून बघितलं. मी शेजारी उभा होतो, तसा मी गल्लीच्या टोकाला असतो तरी ऐकू आलं असतं.

"पावणं, तुमच्यात दूध कुठनं येतंय? ... पिशवीतलं?" त्यांनी फोन ठेवला. मला म्हणाले, "म्हशीचं नाव सांगता येत न्हाय त्यास्नी."

पत्रात काय लिहायचं हे मात्र त्यांनी पक्कं ठरवलं होतं. खोली जिन्यापासून लांब हवी. सकाळी कुणी दार वाजवता कामा नये. आणि खोलीच्या दाराबाहेर एक खुर्ची ठेवायला मिळेल का?

"खुर्ची कशाला?" मी विचारलं.

"असू दे की. तुम्ही लिवा."

समुद्र दिसेल का, टीव्ही आहे का, संडास खोलीतच आहे का, यातलं एक अक्षर नाही. खुर्ची. मी कचेरीत ही गोष्ट चार जणांना सांगून हशा मिळवला. बायकोला मुंबईला नेतोय आणि स्वतः दाराबाहेर बसून काय गल्ली बघणार? असं म्हणून मी थोडा वेळ गार व्हायचो. घरी आलो की कमल आणि अण्णांच्या पारूवैनी भिंतीपलीकडं नव्या साडीवर बोलत असायच्या आणि मी परत तापायचो.

उत्तरं यायला लागली. दोघांनी नुसतं दरपत्रक पाठवलं, तेही अण्णांच्या रकमेबाहेरचं. एकानं खोल्या नाहीत म्हणून कळवलं. आणि एक दिवस जाड, गुळगुळीत पाकीट आलं. कागदावर डोक्याशी समुद्राचं चित्र. आत लिहिलं होतं की कोपऱ्यातली शांत खोली राखून ठेवतो, दहा वाजेपर्यंत कुणी दार वाजवणार नाही, आणि दाराबाहेर खुर्ची आनंदानं ठेवू. खाली मॅनेजरची सही. दरही अण्णांनी सांगितलेल्या रकमेत बसत होता.

कमलनं ते चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं. "खिडकीतनंच समुद्र दिसत असंल व्हय हो?" असं तिनं अगदी साधेपणानं विचारलं. मी कागदाची घडी करून परत पाकिटात घातली.

संध्याकाळी अण्णा आले. मी म्हणालो, "ते समुद्राजवळचं हॉटेल भरलंय. खोली नाही म्हणतात."

पाकीट माझ्या कपाटात, कपड्यांखाली होतं. मी हे का केलं ते मला तेव्हाही चांगलं माहीत होतं. माझ्या बायकोला जे मिळत नव्हतं ते त्यांच्या बायकोला मिळू नये, एवढंच.

अण्णांनी मान डोलवली. "मग ऱ्हायलं कोण?"

उरलं होतं स्टेशनाजवळचं एक लॉज. त्यांनी छापील कार्ड पाठवलं होतं, त्यात खुर्चीचा उल्लेखसुद्धा नव्हता.

"चालतंय की," अण्णा म्हणाले. "खुर्चीचं माझं मी बघतो."

ते त्यांनी कसं बघितलं ते मी स्टँडवर पाहिलं. म्हशी पुतण्याच्या हवाली करून सकाळच्या गाडीला दोघं उभी होती. वैनी हिरव्या साडीत, अंग चोरून. अण्णांच्या एका हातात घरच्या दुधाची किटली आणि दुसऱ्या हातात लोखंडी घडीची खुर्ची. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, गाडीत सीट हाय की." अण्णा म्हणाले, "ही म्हमईत बसायची हाय." सगळी गाडी हसली. मी सगळ्यांत जास्त हसलो. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

तीन दिवसांनी दोघं परत आली. दुपारी वैनी आमच्या स्वयंपाकघरात कमलजवळ बसल्या होत्या. मी बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून कान आत लावले. मला लॉजमधल्या ढेकणांबद्दल ऐकायचं होतं.

"काय काय बघितलंसा, वैनी?" कमलनं विचारलं.

"काय न्हाय गं. झोपलीते."

"म्हंजे?"

"लगीन होऊन आल्यापास्नं साडेतीनला उठत आलीया मी. शेण, वैरण, मग धारा. दुखण्यातबी उठली, सासू गेली त्या दिवशीबी उठली. एकदा कवातरी ह्यास्नी म्हटलंतं, एक दिवस आपोआप जाग येईस्तोवर झोपायचं हाय मला. मी इसरून गेलते. त्यांच्या ध्यानात ऱ्हायलं. डोळं उघडलं तर पायावर ऊन. साडेनऊ वाजल्यालं. मला वाटलं, कोण गेलं काय, उठवलं न्हाय कुणी. दार उघडलं तर हे भाईर खुर्चीवर. चारला त्यांची झोप मोडती, खोलीत हाललं तर मी उठंन म्हणून भाईर जाऊन बसल्यालं. चहावाला आला, झाडूवाला आला, पेपरवाला आला. सगळ्यास्नी तोंडावर बोट ठिवून माघारी लावलं. दोन्ही दिवस."

"आणि म्हमई?"

"ती हाय की तितंच. कुठं जातीया?"

मी पेपरचं पान उलटायला विसरलो. खुर्ची हॉटेलवाल्यांनी द्यायला हवी होती, ती त्या माणसानं साठीच्या उंबरठ्यावर हातानं वाहून नेली, आणि ती का न्यावी लागली हे फक्त मला ठाऊक होतं.

संध्याकाळी अण्णा आले. हातात ती खुर्ची. माझ्या दाराला टेकवून ठेवली.

"कमलवैनींचा वाढदिस मार्चात हाय न्हवं? आमची ही सांगत हुती. तवा घेऊन जावा. हाटेलवाल्यांचा भरवसा न्हाय, साहेब."

"लॉजवरचं दूध कसं होतं?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"पाणीच हुतं की," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मी त्यांना दुधातल्या पाण्यावर हसताना पाहिलं.

मार्चमध्ये आम्ही मुंबईला गेलो नाही. कारणं होती, ती नेहमी असतात. पण कमलच्या वाढदिवशी मी पाचला उठलो, खोलीचं दार ओढून घेतलं आणि घडीची खुर्ची उघडून बाहेरच्या दारात बसलो. पेपरवाल्याला माघारी लावलं. साडेसहाला अण्णा गल्लीत वळले. हाळी द्यायला तोंड उघडलं आणि मला खुर्चीवर बघून तसंच मिटलं.

ते चपला काढून पायऱ्या चढले. किटलीची कडी बोटांनी दाबून धरली, आवाज होऊ नये म्हणून, आणि आमच्या पातेल्यात लिटर ओतला. मग माझ्याजवळ वाकले.

"किती वाजल्यापास्नं?"

"पाच," मी कुजबुजलो.

"ब्येस. नऊपातूर टिकवा."

तेवढ्यात मला ते पाकीट आठवलं. ते अजून कपाटातच होतं. आत्ता सांगावं असं फार वाटलं. मी तोंड उघडलं. अण्णांनी डोळे मोठे केले, आत झोपलेल्या कमलकडं मानेनं खूण केली आणि दुधानं ओला असलेला हात वर करून माझ्याच ओठांवर बोट ठेवलं.