जानूमिस्त्रीचा हवेवाला कंडेन्सर

जानूमिस्त्री कुणाला नमस्कार करत नाही, उलटा हात लावून बघतो. चहाचा कप, जीपचं बॉनेट, झाडाखाली बसलेली म्हैस, जे समोर येईल त्याला हाताची मागची बाजू टेकवायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. एकदा ग्रामसभेत आमचे सरपंच तावातावाने बोलत होते. जानूमिस्त्री उठला, त्यांच्या कपाळाला हात टेकवला आणि म्हणाला, "गर्मी भायेर जात नाय तुमची. बसा जरा." सभा तिथेच संपली.

माणूस मूळचा वांगणीचा. तरुणपणी मुंबईला गेला आणि बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात उभं आयुष्य काढून परत आला. आता जव्हारला एका खोलीत राहतो, हॉटेलवाल्यांचे आणि दूधवाल्यांचे फ्रिज दुरुस्त करतो. दुरुस्ती थोडी, व्याख्यान फार. "थंडी कोण बनवत नाय, बाय. आतली गर्मी उचलायची नि भायेर टाकायची. खेल खतम." हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा माणूस जव्हारात मला अजून भेटायचा आहे.

मी मोखाड्याकडच्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवते. आम्हा बायकांचा मोगऱ्याचा गट आहे. पहाटे कळ्या खुडायच्या, दुपारच्या आत गाडीत घालायच्या. एखाद्या दिवशी जीप बंद पडली की कळ्या इथेच उमलतात, आणि उमललेल्या मोगऱ्याला बाजारात कुणी विचारत नाही. टोपल्याच्या टोपल्या शेणखतात टाकताना बायका रडल्यात. म्हणून गटाने ठरवलं, आपली शीतखोली बांधायची. मिस्त्री कोण, हा प्रश्नच नव्हता.

खोलीचा प्रश्न नव्हता, प्रश्न कंडेन्सरचा होता. आतली गर्मी बाहेर फेकणारा भाग तो. ती पंख्याने हवेत फेकायची की पाण्यात सोडायची, हे आधी ठरवावं लागतं.

जानूमिस्त्रीचं ठरलेलं होतं. पाण्यावरचाच! हवेवाल्याचं नाव काढलं की तो नाक मुरडायचा. "पंखेवाला? तो कोल्ड्रिंकच्या दुकानाला ठीक हाय. आमच्या कारखान्यात टॉवर होता, टॉवर! वरून पाणी असं कोसळायचं, तुमचा दाभोशाचा धबधबा झक मारतो त्याच्यापुढं." ते कोसळणं तो दोन्ही हातांनी करून दाखवायचा आणि समोरच्याचा चहा सांडायचा.

नाशिकहून मशीनचा विक्रेता आला. शहाणा, सरळ पोरगा. त्यानेही पाण्यावरचाच सुचवला. वीज कमी खाईल, भर उन्हाळ्यातही मशीन दमणार नाही, म्हणाला. आमच्या अध्यक्षीणबाई खूश झाल्या. मिस्त्री आणि विक्रेता एकमताने बोलताहेत, आणखी काय हवं?

"पाणी कुठचं?" जानूमिस्त्रीने विचारलं.

"विहीर आहे की," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"बघतो."

मे महिना होता. तो विहिरीकडे गेला तो परत येईना. मी बघायला गेले, तर काठावरच्या दगडावर बसलेला. खाली तळाला बायका वाटीने पाणी गोळा करून हंड्यात ओतत होत्या.

परत आल्यावर तो म्हणाला, "हवेवाला लावा."

विक्रेता हसला. "मिस्त्री, आत्ता तर तुम्हीच..."

"तवा ते बोललो. आता हे बोलतो."

"मग मधला मार्ग घ्या. नळ्यांवर पाण्याचा फवारा मारणारा येतो. पाणी थोडंच लागतं."

"थोडं म्हंजे? हंड्यात सांग."

पोरगा प्रामाणिक होता. मनाशी हिशेब करून म्हणाला, "उन्हाळ्यात बरेच हंडे लागतील, काका." मग अध्यक्षीणबाईंकडे वळून त्याने बजावलं, "पण हवेवाला वीज जास्त खाईल. मेच्या दुपारी धापा टाकेल. नंतर मला बोलू नका."

"खरं बोलतो पोरगा," जानूमिस्त्री म्हणाला. "म्हणून एक माप मोठा घ्यायचा. उंच ओट्यावर, सावलीत. चहूकडून वारा पायजे. नि गरम झोत डोंगराकडं. बाया कळ्या निवडतात त्यांच्या तोंडावर नाय."

अध्यक्षीणबाईंना तो मागच्या बोळात, नजरेआड हवा होता. जानूमिस्त्री बोळात जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "मला हितं कोंडा, मग बगा मी किती थंड राहतो!" ओटा बाहेर, मोकळ्यावरच बांधला गेला.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा ऐन लग्नसराईत घाटात रस्ता बंद झाला. गाडी आलीच नाही. कंडेन्सरचा पंखा दिवसभर घरघरत राहिला, वीजही बरीच गेली. पण दुसऱ्या दिवशी गाडीत चढल्या त्या घट्ट मिटलेल्या कळ्या. बायकांनी एकमेकींच्या पाठीवर थापा मारल्या.

गर्दी पांगल्यावर मी जानूमिस्त्रीला विचारलं, "आयुष्यभर पाण्याचं कौतुक केलंत, मग त्या दिवशी विहिरीवर काय झालं?"

तो ओट्याला टेकून बसला होता.

"आमची बायको एकदा आलेली कारखान्यात. मी ऐटीत टॉवर दावला. बराच वेळ बघत राहिली. मग इचारते, 'हे पाणी वर परत कोण भरतं?' मी हसलो. बोललो, मोटर भरते. ती बोलली, 'बरं हाय.' मग ती गावाला गेली. तिथं इहिरीवर मोटर तीच होती. मरेस्तवर तीच होती."

तेवढ्यात कुणीतरी कंडेन्सरवर ओलं लुगडं वाळत घातलेलं त्याला दिसलं. "अगं ए! दम कोंडतो त्याचा!" करत तो धावला.

हल्ली दर शनिवारी तो जव्हारहून जीप पकडून येतो. कंडेन्सरच्या पात्या ब्रशने झाडतो, पंख्याचा आवाज कान लावून ऐकतो, कुणीही न विचारता सगळं ठीक असल्याचं जाहीर करतो. इतक्या वेळा यायची गरज नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. मग तो बायकांच्या घोळक्यात बसून कळ्या निवडतो, आणि दुपारी नागलीच्या भाकऱ्या थापताना त्याची एक आम्ही त्याला न विचारता थापतो.