नानांच्या टीव्हीवरची हिरवी रेघ

आमच्या कॉलनीतले नाना रोज संध्याकाळी सात वाजता स्टीलची फूटपट्टी घेऊन टीव्हीसमोर उभे राहतात. बघायला नाही, मोजायला. पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ आली आहे. बातम्या देणारी बाई नेमकी तिच्यामागे सापडते आणि अर्ध्या नाकाने बातम्या देते. नाना रेघेची जाडी मोजतात, चष्मा कपाळावर सारतात आणि रजिस्टरात लिहितात, "१९.००. रेघ कायम. रंग हिरवा. फरक नाही."

नानांची सगळी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. तिथे दर तासाला मीटर वाचून नोंद करायची पद्धत. निवृत्त होऊन जळगावात आले. मीटर सुटले, नोंद सुटली नाही. कुकरच्या शिट्ट्या, नळाची वेळ, सगळं रजिस्टरात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा "बस" म्हणायच्या आधी त्यांनी घड्याळ बघून माझं आगमन लिहून घेतलं.

मी ग्राहकांच्या बाजूने भांडते. पत्रकं छापते, दुकानांपुढे उभी राहून वाटते. "वॉरंटी संपते, लूट संपत नाही!" हे माझंच. नानांची तक्रार वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेली हे कळलं आणि मी पेटलेच. वर्ष भरलं की बरोबर बिघडेल असा माल विकणाऱ्या टोळीचा याहून ठळक नमुना कुठे मिळणार?

पण नानांइतका वाईट तक्रारदार मी पाहिला नाही. त्यांच्या अर्जाची पहिली ओळ अशी, "सदर टीव्हीची वॉरंटी काल संपली असून कंपनीवर कोणतेही बंधन नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे."

"नाना, हे त्यांच्या वकिलाने लिहून दिलंय का?"

"खरं आहे ना? मग नोंद असावी."

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मी आवाज चढवला की नाना मागून सांगणार, "मॅडम, पोरगी तापट आहे. तुमचं बरोबर आहे." एकदा त्या मॅडमच कळवळून म्हणाल्या, "काका, थोडं भांडा तरी!" तरीही दर आठवड्याला नाना नवा अर्ज घेऊन हजर. आणि घरात पाऊल टाकताच स्वयंपाकघरापर्यंत जाईल असा आवाज, "आज चांगलं सुनावलं कंपनीला!"

स्वयंपाकघरात असतात अक्का, नानांच्या मंडळी. माहेर अमळनेरकडचं, बोली अजून तिकडचीच. अलीकडे विसरतात. टीव्ही बिघडायच्या थोडं आधी गॅसवर दूध ठेवून गेल्या, पातेलं जळालं, तर दोन दिवस जेवल्या नाहीत. "मी आते काय कामनी?" म्हणत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

शेवटी माझ्या पत्रकांना यश आलं. कंपनीच्या विभागीय साहेबांचा धुळ्याहून फोन आला, "बिघाड वॉरंटीच्या आत झाल्याची एक नोंद दाखवा, पॅनल फुकट बदलून देतो."

नोंद! नोंदींचं गोडाऊन आहे आमच्याकडे! मी धावतच नानांकडे गेले.

"मागचं रजिस्टर काढा, नाना. जिंकलो आपण!"

"नको."

"नको काय?"

"राहू दे, पोरी."

मी कुणाचं ऐकते? फळीवरून रजिस्टर ओढलं, भराभर पानं उलटली. सापडलं. वॉरंटी संपायच्या अकरा दिवस आधीचं पान, नानांचं टपोरं अक्षर: "१७.४०. सौ.नी पडदा पुसला. फडके न पिळलेले. पाणी खालच्या कडेतून आत. १७.५५. रेघ. सौ.ना सांगितले, कंपनीचा माल खराब. सौ.नी चहा घेतला."

त्यापुढे रोज एकच ओळ. "तक्रार केलेली नाही. वॉरंटी चालू आहे." अकरा वेळा.

हा माणूस वॉरंटी संपायची वाट बघत होता. आधी तक्रार केली असती तर कंपनीने पॅनल दिलंही असतं, आणि आपल्या घरच्या चुकीचं फुकटचं पॅनल नानांना नको होतं. त्यांना फक्त भांडण हवं होतं. तेही अक्कांना ऐकू जाईल एवढंच.

तेवढ्यात अक्का चहा घेऊन आल्या. "काय म्हणतस त्या कंपनीवाला?" मग कप ठेवता ठेवता, हळूच, "मन्हा हात लागीसन तं नही बिघडना ना टीव्ही?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

मी रजिस्टर मिटलं आणि सभेत लावते तो आवाज लावला. "तुमचा हात? अहो अक्का, मालच सडका! वर्षभर टिकत नाही आणि वर आम्हालाच कायदा शिकवतात!"

"बठ्ठा चोर शेतस!" अक्कांनी पदर खोचला आणि कंपनीच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला की त्यातला एक शब्द मला पत्रकात छापता यायचा नाही. दम लागला तशा खुर्चीत टेकल्या आणि नानांच्या बशीतलं बिस्कीट उचलून खाल्लं. नानांनी दुसरं पुढे केलं. तेही खाल्लं.

संध्याकाळी मी धुळ्याच्या साहेबांना फोन केला. म्हटलं, नोंद दाखवता येणार नाही. पॅनल नको.

"चला," साहेब म्हणाले, "म्हणजे भांडण मिटलं."

"मुळीच नाही," मी म्हणाले. "पुढच्या आठवड्यात येतोच आहोत आम्ही."