घरी वाचायला दिलेले तारमास्तर

वाचनालयाच्या आगामी कार्यक्रमांच्या फळ्यावर ‘बोलती पुस्तके’ असे शीर्षक लिहिले गेले, तेव्हा त्या कार्यक्रमातून एक जिवंत माणूस वाचनालयाबाहेर जाईल, असे कोणाच्याही मनात आले नव्हते. कल्पना साधी होती. ज्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही आहे अशा माणसांनी ‘पुस्तक’ होऊन खुर्चीवर बसायचे. वाचकाने समोर बसून त्यांना ऐकायचे आणि थोड्या वेळाने आभार मानून उठायचे. विहिरीत बुडालेल्या वस्तू काढणारा एक पाणबुड्या तयार झाला, जन्मभर रात्रपाळी केलेली एक परिचारिका तयार झाली, आणि एक वकीलही. ऐन दिवशी वकिलांचा घसा बसला. रिकामी खुर्ची वाईट दिसेल म्हणून वाचनालयाच्या कार्यवाहांनी आपल्या वडिलांना आणून तिथे बसवले.

कार्यवाहांचे वडील म्हणजे निवृत्त तारमास्तर. साऱ्या नोकरीतून त्यांच्यापाशी गोष्ट अशी एकच उरली होती. ती ‘तारा तुटल्या होत्या’ या वाक्याने सुरू होई, आणि ते वाक्य कानावर पडताच सुनेला गॅसवरचे दूध आठवे, नातीला अभ्यास आठवे आणि कार्यवाहांना फोन येई. त्यामुळे गोष्टीचा शेवट घरात कोणालाच ठाऊक नव्हता. एक दुपार ते दुसऱ्या कोणाला तरी सांगतील, तेवढाच घराला विसावा, असा हिशेबही खुर्ची भरण्यामागे होता.

ग्रंथपाल अतिशय पद्धतशीर गृहस्थ होते. वाचनालय बंद होण्याची सूचना देणारी विजेची घंटा दारावर होती, पण तिची तार उंदरांनी पार कुरतडून टाकली होती आणि दुरुस्तीचा विषय कार्यकारिणीच्या प्रत्येक सभेत वेळेअभावी पुढे जात होता. म्हणून वेळ झाली की ते सगळे दिवे दोनदा मालवून पुन्हा लावत. वाचकांसाठी जे जे मांडले जाईल त्याची नोंद झालीच पाहिजे, या तत्त्वाने त्यांनी प्रत्येक बोलत्या पुस्तकाचे कार्ड केले. ज्या पुस्तकावर लाल पट्टी असेल ते संदर्भ विभागाचे, इथेच बसून वाचायचे. पट्टी नसेल ते देवघेव विभागाचे, आठवडाभर घरी नेता येणारे. पाणबुड्याच्या आणि परिचारिकेच्या कार्डाला त्यांनी पट्टी लावली. तारमास्तरांचे कार्ड मात्र घाईत झाले. “पट्टी-बिट्टी नंतर लावा हो,” असे कार्यवाह म्हणाले आणि ते नंतर राहूनच गेले.

दिवसभर तारमास्तरांसमोर कोणी बसले नाही. कार्डावर ‘तुटलेल्या तारेवरचा निरोप’ असे नाव होते, ते वाचून लोक पाणबुड्याच्या रांगेत जात होते. उन्हे कलल्यावर एक म्हातारी बाई आली. अंगावर राखाडी शाल होती, पावलांचा आवाज नव्हता. तिने तारमास्तरांकडे बोट दाखवले आणि टेबलावर आपले सभासदपत्र ठेवले. ते जाड पुठ्ठ्याचे, जुन्या पद्धतीचे होते. त्यावर ग्रंथपालांच्या आधीच्याही आधीच्या ग्रंथपालांची सही होती. तथापि आजीव सभासदत्व म्हणजे आजीव. ग्रंथपालांनी शिक्का मारला, वेळ झाली म्हणून दिवे मालवले, लावले, पुन्हा मालवले आणि पुन्हा लावले. तेवढ्यात खुर्ची रिकामी झाली होती. तिच्यावर फक्त चष्म्याचे घर राहिले होते.

कार्यवाह वडिलांना न्यायला आले ते थोड्या वेळाने.

“बाबा कुठे आहेत?”

“वाचकाकडे,” ग्रंथपाल म्हणाले.

“इथे तर कोणी दिसत नाही.”

“घरी वाचायला दिलेत. पुढच्या शनिवारपर्यंत.”

कार्यवाहांना वाटले, हा माणूस प्रथमच विनोद करतो आहे. मग त्यांना आठवले की ग्रंथपालांना विनोद करताना आजवर कोणी पाहिलेले नाही. त्यांनी तत्काळ पुस्तक परत मागवण्याचा आदेश दिला. ग्रंथपालांनी नियमावली उघडून त्यांच्यापुढे सरकवली. एकदा दिलेले पुस्तक मुदतीपूर्वी परत मागवता येणार नाही, कार्यकारिणीलासुद्धा नाही. पूर्वी काही सदस्य नवी पुस्तके मधेच हिसकावून नेत, ते बंद व्हावे म्हणून हा ठराव खुद्द कार्यवाहांनी मांडला होता आणि टेबलावर मूठ आपटून मंजूर करून घेतला होता.

“अहो, तो पुस्तकांसाठी होता.”

“मग फळ्यावर काय लिहायला सांगितलंत, साहेब?” ग्रंथपालांनी अत्यंत नम्रपणे विचारले.

चौकीतल्या हवालदाराने सर्व ऐकून घेतले. माणूस सज्ञान आहे, स्वतःच्या पायांनी गेला आहे, वर शिक्काही आहे, तेव्हा यात आपण नेमके काय लिहायचे, असे त्याने विचारले. सकाळपर्यंत बातमी गावभर झाली. शेजारचे शिंपी मुद्दाम भेटायला आले आणि आपल्या सासूबाईंना देवघेव विभागात घेता येईल का, याची त्यांनी आस्थेने चौकशी केली.

सभासदपत्रावरचा पत्ता पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीतील अगदी शेवटच्या घराचा होता. ते घर कित्येक वर्षे बंद होते. हे कळल्यावर कार्यवाहांच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि त्याची जागा दुसऱ्याच कशाने तरी घेतली. त्या संध्याकाळी ते, त्यांची पत्नी आणि ग्रंथपाल असे तिघे तिकडे गेले. ग्रंथपाल चष्म्याचे घर पोचवायला आले होते. पुस्तकासोबतचे साहित्य पुस्तकासोबतच असावे, असे त्यांचे मत होते.

गल्लीतले शेवटचे दोन दिवे बंद होते. फाटकाला गंज चढला होता, अंगणात वाळलेली पाने घोट्यापर्यंत साचली होती, आणि पानांवर कोणी चालल्याची खूण नव्हती. मात्र एका खिडकीत पिवळा उजेड होता. आतून बोलण्याचा आवाज येत नव्हता. येत होता तो वेगळाच आवाज. कट्ट, कडकट्ट, कट्ट. मग थोडी शांतता. मग खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून तसेच उत्तर. कडकट्ट, कट्ट.

सुनेने नवऱ्याची बाही घट्ट धरली. लग्न झाल्यापासून सासऱ्यांचा आवाज ऐकावा अशी इतकी तीव्र इच्छा आपल्याला कधी झाली नव्हती, असे तिने पुढे शिंप्याच्या बायकोला सांगितले.

कार्यवाहांनी कडी वाजवली. आतले आवाज एकदम थांबले. क्षणभराने दाराच्याच फळीवर, बरोबर त्यांच्या कानाच्या उंचीवर, आतून कोणीतरी हलकेच ठोकले. कट्ट. कट्ट. मग दार उघडले. दारात तारमास्तर उभे होते, हातात पितळी चमचा होता.

“काय आहे?”

“बाबा, घरी चला.”

“वाचन चाललंय.”

“आत कोण आहे?”

“वाचक.”

“मग बोलत का नाही कोणी?”

“अरे, आमचं बोलणंच चाललंय, तारेच्या भाषेत,” तारमास्तर म्हणाले. “आणि आवाज खाली ठेव. घरात तुम्ही माझं पहिलं पान उलटत नाही. इथे मागे जाऊन पुन्हा पुन्हा वाचलं जातंय.”

त्यांच्या पाठीमागे अंधाऱ्या खोलीत चेहरा दिसत नव्हता. टेबलाच्या कडेवर टेकलेला एक सुरकुतलेला हात तेवढा दिसत होता. ग्रंथपालांनी चष्म्याचे घर दिले, तारमास्तरांनी मान तुकवून ते घेतले आणि दार लागले. तिघे फाटकापर्यंत पोचण्याआधीच आत पुन्हा कडकट्ट सुरू झाले.

पुढचे दिवस कार्यवाहांच्या घरी फार शांतता होती. दूध वेळेवर उतरत होते, अभ्यास आपला आपण होत होता, आणि जेवणाच्या टेबलावर ती शांतता कोणालाच सोसवत नव्हती. एकदा नातीने विचारले, “आजोबांच्या गोष्टीत तारा तुटल्यावर पुढे काय होतं?” कार्यवाहांनी घास तोंडाजवळ नेऊन परत ठेवला. त्यांनी पत्नीकडे पाहिले. पत्नीने भांड्यांकडे पाहिले. इतक्या वर्षांत आपण त्या एका वाक्यापलीकडे गेलोच नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले. ज्याचे ऐकायला कोणी नाही तो माणूस ऐकणाऱ्याकडेच राहून गेला तर त्यात त्याची चूक काय, हा प्रश्न मग त्यांना झोपू देईना.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वाचनालय गाठले आणि त्या बाईने मुदत वाढवून मागितली तर काय होईल, असे विचारले.

“देता येते,” ग्रंथपाल म्हणाले. “दुसऱ्या कोणी तेच पुस्तक मागून ठेवलं नसेल तर.”

“मग मी मागून ठेवतो.”

“त्यासाठी सभासद असावं लागतं, साहेब. आपण नाही आहात.”

हे खरे होते. कार्यवाहांनी वाचनालय उत्तम चालवले होते, मात्र त्यातले पुस्तक कधी घरी नेले नव्हते. त्यांनी तिथेच बाकावर बसून सभासदत्वाचा अर्ज भरला. ‘आवडीचा विषय’ या रकान्यापुढे पेन बराच वेळ थांबले, आणि मग त्यांनी ‘तारा’ असे लिहिले.

शनिवारी उन्हे कलल्यावर दोघे आले. पुढे राखाडी शालीतल्या आजी, मागे तारमास्तर. दिव्याखाली आजींचा चेहरा प्रथमच नीट दिसला. तो इतर कोणत्याही आजींसारखा होता, त्यामुळे सगळ्यांनाच हायसे वाटले. बरीच वर्षे लेकीकडे राहून त्या गेल्याच महिन्यात आपल्या घरी परतल्या होत्या. परसातल्या दाराने ये-जा करत असल्याने अंगणातली पाने झाडायची राहिली होती. ग्रंथपालांनी तारमास्तरांना पुढून-मागून पाहिले आणि ‘प्रत सुस्थितीत’ असा शेरा घातला.

“एक पान नव्हतं,” आजी म्हणाल्या. “शेवटचं. ते मी घातलंय.”

कार्यवाहांनी आपले नवेकोरे सभासदपत्र टेबलावर ठेवले. “हे पुस्तक आता माझ्या नावावर द्या.”

“पूर्ण वाचणार का?” तारमास्तरांनी विचारले. आवाज करडा होता, पण काही कारण नसताना ते चष्मा पुसत होते.

“शेवटासकट, बाबा.”

तेव्हा तारमास्तर आपल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी सुरुवात केली. तारा तुटल्या होत्या. वादळाने भरदुपारी अंधारून आले होते, तरुण तारमास्तर आडवळणाच्या तारघरात एकटे होते, आणि यंत्र आपोआप बोलू लागले. पुढल्या तारघराकडून एकच प्रश्न येत होता. कोणी आहे का? त्यांनी उत्तर दिले, आहे. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, उजाडेपर्यंत. सकाळी दुरुस्तीची माणसे आली आणि तार दुपारपासूनच दोन जागी तुटून पडल्याचे त्यांनी दाखवले. पुढल्या तारघराचे मास्तरही दुपारपासून बाहेर होते. मग वरिष्ठांनी तारमास्तरांना विश्रांती घेण्याचा सल्ला दिला. त्यानंतर त्यांच्या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवला नाही.

“तिथले मास्तर म्हणजे माझे वडील,” आजी म्हणाल्या. “तुटलेली तार शोधायला गेले. मला सांगून गेले, ठोकत राहा, थांबू नकोस. मी लहान होते. पाणी पायरीला लागलं होतं. उत्तर येत होतं म्हणून मी जागी राहिले. सकाळी वडील आले आणि म्हणाले, तार तर कधीच पडली, तू बोलत कोणाशी होतीस? हे कोणाला सांगू नको म्हणाले. मी नाही सांगितलं. गेल्या शनिवारी इथे कार्डावर या पुस्तकाचं नाव वाचलं.”

कोणतीही गोष्ट खुलाशाविना सोडणे ग्रंथपालांच्या तत्त्वात बसत नसल्याने ते पुढे सरसावले. याला शास्त्रीय कारण आहे, असे ते म्हणाले. तारेचा परतीचा मार्ग जमिनीतूनच असतो. तुटलेली टोके रस्त्याकडेच्या लोखंडी कुंपणावर पडली असणार, आणि निरोप कुंपणातून पुढे गेला असणार. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

“त्या रस्त्याला कुंपण नव्हतं,” आजी शांतपणे म्हणाल्या. “ते नंतर घातलं. त्याच तुटलेल्या तारेचं.”

आणि तेव्हा दारावरची घंटा वाजली. पूर्ण नाही. कट्ट. कडकट्ट. सगळ्यांच्या माना वर गेल्या. घंटेखाली कुरतडलेल्या तारेचे टोक नेहमीसारखेच हवेत लोंबत होते.

“बाबा,” कार्यवाहांनी अगदी हळू विचारले, “काय म्हणतेय?”

“कोणी आहे का, म्हणून विचारतंय.”

सर्वांनी ग्रंथपालांकडे पाहिले. वास्तूच्या आत उत्तर देण्याचा अधिकार त्यांचा होता. त्यांनी शिक्का डबीत ठेवला, डबी बंद केली आणि घड्याळ पाहिले.

“आहे म्हणून सांगा,” ते म्हणाले. “पण वेळ संपलीय. सकाळी उघडल्यावर या म्हणावं.”

तारमास्तरांनी टेबलावरचे पेन उचलले आणि लाकडावर निरोप ठोकला. आजींनी एका अक्षराची चूक मान हलवून दाखवली, ते अक्षर त्यांनी पुन्हा ठोकले. घंटा गप्प झाली. कार्यवाहांनी वडिलांचा हात धरला, आणि गल्लीच्या वळणापर्यंत तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपालांनी दार उघडले, झाडलोट करवून घेतली आणि घंटेच्या बरोबर खाली एक रिकामी खुर्ची मांडली. क्षणभर त्यांनी विचार केला. मग टेबलाच्या खणातून लाल पट्टी काढून, कोणी आठवण करून देण्याआधीच, त्यांनी ती खुर्चीला लावून टाकली.