गावंडे मास्तरांच्या अंगातले साहेब

नागपूरचे परीक्षक आमच्या अमरावतीच्या कॉलेजात वर्षातून एकदा येत. गावंडे मास्तरांच्या अंगात मात्र ते दर शनिवारी येत.

त्याची रीत ठरलेली होती. दुपारचं प्रॅक्टिकल संपलं की मास्तर खुंटीवरचा काळा कोट चढवत, वऱ्हाडच्या त्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावत आणि प्रयोगशाळेबाहेर जात. मग दारावर टकटक होई. आम्ही उठून उभे राहायचो. आत येणारा माणूस गावंडे मास्तर नसे. तो मान ताठ ठेवून नाकातून इंग्रजी बोले, समोरची परीक्षानळी उचलून "व्हॉट इज धिस?" म्हणे आणि उत्तर येईपर्यंत डोळे वटारून उभा राही. पाचसहा जणांची भंबेरी उडाली की साहेब निघून जात. दोन मिनिटांनी कोट हातावर टाकून मास्तर परत येत आणि अगदी भोळेपणानं विचारत, "काय रे, आल्ता काय तो? लय तरास देल्ला?"

"मास्तर, तुम्हीच तर होता," असं एकदा अकोटच्या एका मुलानं म्हणून पाहिलं.

"मी कुठी? मी तं पानी प्याले गेल्तो," मास्तर म्हणाले, आणि वर त्या नागपूरवाल्याचाच उद्धार केला. "खट मानूस हाये तो. पन तोंड उघडलं का आधा पर्चा सुटला. ध्यानात ठेवा."

'आधा पर्चा सुटला' हे त्यांचं पालुपद. मास्तर आमचे रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे प्रोफेसरांनी इंग्रजीत जे सांगून टाकलं ते आमच्या हातून करवून घेणारे. आम्ही बहुतेक पोरं तेल्हारा, अकोटकडची. हात चालत, डोकंही चाले, पण साहेबी पोशाखातला माणूस समोर आला की दातखिळी बसे. शनिवारचा हा खेळ वेळापत्रकात नव्हता. प्रोफेसर लोक त्याला हसत आणि मास्तरांचा एक स्क्रू ढिला आहे असं आपसात म्हणत. मीही तेव्हा म्हणत असे, खोटं कशाला बोलू.

माझी गोष्ट वेगळी होती. मी इंटर सायन्सला एकदा नापास झालो होतो, तेही तोंडी परीक्षेत. प्रयोग फक्कड झाला होता. नळीत खाली अॅसिड, वर द्रावण आणि मधोमध तपकिरी कडं असं सुरेख उमटलं होतं की मलाच त्याचं कौतुक वाटलं. परीक्षकांनी विचारलं, अॅसिड कडेकडेनं हळू का सोडलंस? मला माहीत होतं. मी त्यांच्या बुटांकडे बघत उभा राहिलो, ते पुढच्या मुलाकडे जाईपर्यंत.

आमचा बार्शीटाकळीला भाजीचा मळा. बाबा रागावले नाहीत. वांगी तोडता तोडता एवढंच म्हणाले, "औंदा झालं तं झालं. नाही तं मळा हायेच." मळा वाईट नव्हता. पण मला ते शास्त्र सोडवत नव्हतं, आणि आता एकच संधी उरली होती.

दुसऱ्या वर्षीही शनिवारचे साहेब माझ्यापुढं आले की मी मुका. तीन महिने असे गेले. एका शनिवारी साहेबांनी नळी उचललीच नाही. वटारलेल्या डोळ्यांनी विचारलं, "हाऊ यू गिव्ह वॉटर टू ब्रिंजल?"

पोरं हसली. माझ्या तोंडून मात्र आपोआप निघालं, "स्लोली, सर. फ्रॉम साइड. अदरवाइज वाफा ब्रेक्स." एकदम पाणी सोडलं की वाफ्याची माती उखडते, सगळं मिसळून चिखल होतो, हेही मी मोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं. साहेब मान हलवून बाहेर गेले. कोट काढून आलेल्या मास्तरांनी विचारलं, "काय इचारलं त्यानं?" मी सांगितलं. "मंग अॅसिड काहून हळू सोडतं रे तू?" उत्तर वाफ्यातच होतं. दोन्ही थर मिसळू नयेत म्हणून. नाहीतर कडं बसेल कुठं?

त्या दिवसापासून माझं तोंड सुरू झालं ते परीक्षेपर्यंत मिटलं नाही. खरे परीक्षक आले ते बुटके, मवाळ आणि सर्दी झालेले निघाले. मी त्यांना उत्तरं दिली, न विचारलेली दोनचार वरून दिली. मास्तर दाराशी पाण्याची बाटली धरून उभे होते. डेमॉन्स्ट्रेटरनं परीक्षेत बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून ते भिंतीकडे बघत होते.

जूनमध्ये निकाल लागला. बोर्डावर माझं नाव होतं. मी टोपलीभर वांगी घेऊन अंबागेटच्या आत त्यांची खोली शोधत गेलो. इतक्या दिवसांत तिथं कधी गेलो नव्हतो. एक बाज, एक चूल, आणि जमिनीवर दोन ताटं मांडलेली.

"पास झालो, मास्तर." मी पाया पडलो.

"झाला? बेस झालं." ते चुलीकडे वळले. "बस जेवाले."

कोणी येणार आहे का, असं मी विचारलं.

"तूच. नापास झाला असता तं समजावून जेवू घालाव लागलं असतं, म्हनून मांडलं." ते भाकरी उलटवत बोलत होते. "पास झालेले पोट्टे इकडं येत नाही रे. बोर्डावर नाव पाहते अन् सरके बडनेऱ्याले पयते. नापास झाले तेच मले पुन्हा भेटते. तू दोन साल होता. सवय झाली होती." भाकरी ताटात वाढत म्हणाले, "सांगाले लाज वाटते, पन आज सकायी देवापुढं बसलो तं मले समजेच ना, का काय मांगाव."

आम्ही जेवायला बसलो. बडनेऱ्याहून माझी अकोल्याची गाडी दोनची होती, एक केव्हाच वाजून गेला होता, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. पोट केव्हाच भरलं होतं. मी आणखी एक भाकरी मागितली.