मांजर सोडून सगळ्यांचे आवाज

मी एका मेलेल्या माणसाला चार-आठ दिवस जिवंत ठेवायचं ठरवलं, बाकी काही नाही. एरवी माझी नोकरी बरोबर उलटी आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत मी बसतो, आणि माझी खिडकी मृत्यूची. (शेजारच्या जन्माच्या खिडकीवरचा सहकारी बढती मिळाली तरी तिथून हलत नाही. लोक हसत येतात, त्याची चौकशी करतात. मला आजवर कुणी पाणीसुद्धा विचारलेलं नाही.)

तो मेलेला माणूस होता एका जपानी ॲनिमे मालिकेतला. ‘दीपगृह क्रमांक सात’, एकूण भाग एकोणचाळीस. समुद्रातून धुकं येतं, धुक्यात राक्षस असतात आणि एक चौदा वर्षांची पोरगी दिवा विझू देत नाही. तिला हे काम शिकवणारा एक म्हातारा दिवेवाला, आणि एक मांजर.

ही मालिका माझी आणि सासरेबुवांची. आमच्यात दुसरं काहीच समान नव्हतं. बायको होती, पण तिच्याबद्दलही आमची मतं वेगळी होती. सासरेबुवा चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते. निवृत्तीनंतर आमच्याकडे राहायला आले तेव्हा मीच त्यांना पहिला ॲनिमे दाखवला. पुरात बुडालेल्या गावात होडीतून पत्रं वाटणाऱ्या मुलीचा सिनेमा होता. संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “छान आहे. इंग्रजीतून लावा.”

तिथून जी ठिणगी पडली ती सात वर्षं विझली नाही. मी पडलो मूळ जपानी आवाजांचा कट्टर भक्त, खालची इंग्रजी अक्षरं वाचत बघणारा. ते डबचे.

“बाबा, खरा भाव मूळ आवाजातच असतो,” मी म्हणायचो.

“तुम्हाला जपानी येतं, जावईबापू?”

“नाही. पण भाव...”

“तुमचे डोळे सगळा वेळ खालच्या अक्षरांवर. वर पोरगी रडून जाते, तुम्हाला पत्ता नसतो. भाव कुठून दिसणार?”

त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग यायचा. त्यांचे हात कायम कशात तरी असायचे, एखादं बंद घड्याळ, अडकलेलं कुलूप. कानांनी गोष्ट ऐकायची आणि मोक्याच्या वेळी मान वर करायची, असं त्यांचं बघणं होतं. शिवाय डबची पारख लिफ्टवाल्याची. “लिफ्ट थांबली की तिची फरशी आणि मजल्याची फरशी एका पातळीत हवी,” ते सांगायचे. “तोंड मिटायला आणि शब्द संपायला तसंच एक व्हायला हवं. बोटभर फरक राहिला की माणूस ठेचकाळतो.” एका निळ्या वहीत ते प्रत्येक डबला दहापैकी गुण द्यायचे. जास्तीत जास्त आठ. एका फुटबॉलच्या मालिकेला दोनच दिले होते, कारण एक चेंडू गोलपर्यंत पोचायला चार भाग लागत आणि तेवढा वेळ इंग्रज गोलकीपर नुसता कण्हत होता.

मग त्यांच्या डोक्यात गाठ निघाली. पंधरा दिवसांत नजर गेली. डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन दोन-तीन आठवडेच उरलेत असं सांगितलं. ती घरी आली, स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहिली आणि म्हणाली, “बाबांना काही सांगायचं नाही. सूज आहे, उतरेल, एवढंच. आणि तुम्ही तर तोंडच उघडू नका. तुमच्या चेहऱ्यावर सगळं छापलेलं असतं.”

“त्यांना दिसत नाही गं आता.”

मी हे बोलायला नको होतं. ती त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

हॉस्पिटलात भेटायची वेळ चार ते सहा. पहिल्याच संध्याकाळी सासरेबुवा म्हणाले, “जावईबापू, आपलं दीपगृह सव्विसाव्या भागाशी थांबलंय. तेरा राहिले. शेवट काय होतो ते कळलं पाहिजे.” मी टॅब्लेट घेऊन गेलो आणि तिथे माझं नशीब फुटलं. इंग्रजी डब सव्विसाव्या भागापर्यंतच होता. पुढचे ‘लवकरच’. पुढचे सगळे मूळ जपानी, खाली अक्षरं. सात वर्षं मी ज्याच्या नावानं बोटं मोडली ते डबिंग आता जगात कुणीतरी ताबडतोब करायला हवं होतं, आणि खुर्चीवर मी एकटाच बसलो होतो.

मी ती अक्षरं मराठीत करून वाचायला लागलो. आधी सपाट वाचलं, मृत्यूच्या दाखल्यावरचा मजकूर वाचून दाखवतो तसं. “राक्षस आला. पळा.”

“पोरगी घाबरलीय की बस चुकलीय?” सासरेबुवांनी विचारलं.

म्हणून मी आवाज काढायला लागलो. पोरीचा बारीक, म्हाताऱ्याचा घोगरा, राक्षसाचा पोटातून. (राक्षसाच्या वेळी सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी माझंच ब्लडप्रेशर तपासलं.) मांजर मात्र मी तसंच सोडलं. त्याचं म्यांव जपानीतही म्यांवच होतं, त्याला माझी गरज नव्हती. शेजारच्या कॉटवर पाय टांगून पडलेले एक शिंपी होते, त्यांना पडदा दिसायचा. ते तिसऱ्या दिवसापासून चार वाजायच्या आधीच उशी उंच करून बसायला लागले.

एकतिसाव्या भागात म्हातारा दिवेवाला मेला.

मला काहीही कल्पना नव्हती. तो जिना चढताना खोकला, पायरीवर बसला, आणि खाली अक्षरं आली: ‘आता दिवा तुझा.’ पोरीनं हंबरडा फोडला. बायको कॉटच्या पायथ्याशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. सासरेबुवा छताकडे तोंड करून ऐकत होते, हात पांघरुणावर, रिकामे. ते हात मी कधी रिकामे पाहिले नव्हते. मला ते सहन झालं नाही.

“काय झालं? का रडतेय?” त्यांनी विचारलं.

“म्हातारा...” मी म्हणालो, “म्हातारा रिटायर झाला.”

आता एक खोटं बोललं की माणसानं गप्प बसावं. पण मालिका पुढे चालूच होती. गावकऱ्यांनी म्हाताऱ्याला नावेत झोपवलं, अंगावर फुलं टाकली आणि नाव समुद्रात ढकलली. मागे असं संगीत की सिस्टरांनीही डोळे टिपले.

“हा समुद्राचा आवाज कसला?”

“सहलीला निघाले. निवृत्तीनंतरची सहल.”

“अहो, पण डोळे मिटलेत त्यांचे!” शिंपी कळवळून म्हणाले. “आणि फुलं घातलीत अंगावर!”

“झोपलेत!” मी त्यांच्याकडे डोळे वटारले. “दमलेत. आयुष्यभर जिने चढलेत. फुलं निरोप समारंभाची.”

शिंप्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, एकदा सासरेबुवांकडे. भल्या माणसाला सगळं उमगलं. “हो हो,” ते म्हणाले. “आता दिसलं. घोरतायत.”

दुसऱ्या दिवशी चार वाजता सासरेबुवांचा पहिला प्रश्न आला, “म्हाताऱ्याचं पत्र आलं का?”

पत्र! मूळ मालिकेत माणूस तळाशी गेलेला, आणि मी त्याची पत्रं लिहायला बसलो. पोरगी समुद्राकडे बघत गप्प उभी राहिली की मी ती जागा पकडायचो आणि घोगऱ्या आवाजात म्हाताऱ्याचं पत्र वाचायचो. एका बेटावर पोचलो, इथे जिने नाहीत. दुसऱ्या बेटावर हवा चांगली, गुडघे दुखत नाहीत. कचेरीत खिडकीसमोर रांग लागलेली असायची आणि मी दाखल्यांच्या कोऱ्या पाठीवर ही पत्रं खरडत असायचो. (एक पत्र चुकून एका दाखल्याबरोबर गेलं. ती बाई परत आली नाही. मीही चौकशी केली नाही.) पस्तिसाव्या भागाला माझा घसा बसला तेव्हा म्हाताऱ्याचा आवाज शिंप्यांनी काढला. त्यांनी पत्रात आपल्या मनानं एक विधवा बाई घातली. पुढचे दोन भाग ती निस्तरताना माझा जीव मेटाकुटीला आला.

आणि हे सगळं चाललेलं असताना सासरेबुवा रोज थोडे थोडे कमी होत होते. आवाज बारीक झाला. हात उचलवेना. मी आता बारीक आवाजात रडणारी पोरगी करायचो तेव्हा मला नाटक करावं लागत नव्हतं.

अखेर एकोणचाळिसाव्या भागाला आम्ही पोचलो. राक्षस हरले. धुकं फिटलं. आणि नाव परत आली, रिकामी.

शिंप्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, ‘म्हातारा पलीकडे उतरला, पुढे चालत गेला’ असं काहीतरी तयार होतं माझ्याकडे.

“जावईबापू,” सासरेबुवांनी हळूच विचारलं, “त्याला त्रास झाला का?”

“कुणाला, बाबा?”

“नावेतल्याला.”

बायकोनं माझा खांदा घट्ट धरला. पडद्यावर पोरगी मांजराला मांडीवर घेऊन बसली होती आणि मालिकेतलं शेवटचं वाक्य आलं होतं. म्हातारा गेल्यापासून त्याच्याबद्दल मी काही न बदलता वाचलेलं ते बहुधा पहिलंच. मी वाचलं, “नाही. तो झोपेतच पुढे गेला.”

“बरं झालं,” सासरेबुवा म्हणाले. मांजर एकदा म्यांव म्हणालं आणि मालिका संपली.

त्यानंतर पाचव्या दिवशी ते गेले, दुपारी, बायको त्यांचा हात धरून बसली असताना. त्यांची नोंद माझ्याच खिडकीवर आली. जन्माच्या खिडकीवरच्या सहकाऱ्यानं मला उठवलं आणि स्वतः लिहिलं, पहिल्यांदाच माझ्या खिडकीवर बसून. त्या दिवशी त्यानं मला पाणी विचारलं.

आठवड्यानं शिंपी कुबड्या घेऊन घरी आले. त्यांच्या पिशवीत सासरेबुवांची, हॉस्पिटलात उशाशी असायची ती निळी वही होती. “बाबांनी शेवटचं पान माझ्याकडून लिहून घेतलं,” ते म्हणाले. “तुम्ही दोघं चहाला खाली गेला होतात तेव्हा. माझं अक्षर कापडावर खडूनं लिहायचं, सांभाळून घ्या.”

बायकोनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

“दीपगृह क्रमांक सात, भाग सत्तावीस ते एकोणचाळीस. डब घरगुती. माझ्या गाठीचं डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला कळलंय हे घरी बोलू नका, असं मीच त्यांना बजावलं. मुलगी खंबीर आहे, पण जावई हळवे आहेत, त्यांना झेपणार नाही.”

मी खिडकीबाहेर बघत होतो. मग ती रडत रडत हसायला लागली आणि पुढे वाचू लागली.

“म्हातारा एकतिसाव्या भागात मेला हे मला लगेच कळलं. निवृत्तीला एवढं कुणी रडत नाही. माझ्या निरोप समारंभात जावईबापूंनी जांभया दिल्या होत्या. पत्रं मात्र मला आवडली, त्यांनी लिहिलेली. शिंप्यांची विधवा अनावश्यक.”

“मी तेही लिहिलं,” शिंपी नम्रपणे म्हणाले.

“शब्द आणि तोंड यांत वीतभर अंतर. पोरीचा आवाज चिरका. राक्षसाला सर्दी. तरी रोज चार वाजायची वाट बघितली. दहापैकी तीन.”

“तीन?” मी म्हणालो. फुटबॉलपेक्षा एक जास्त. त्या माणसाकडून हे फार होतं.

“थांबा, खाली अजून आहे,” बायको डोळे पुसत म्हणाली. “तीनही गुण मांजराचे. तेवढा एक आवाज जावईबापूंना उत्तम जमला.”