शेंदरीची वास्तुशांत

एका जंगलात, म्हणजे जिथल्या कावळ्यांनीही कधी समुद्र पाहिला नव्हता अशा जंगलात, दामूअण्णा नावाचे अस्वल राहत होते. अस्वलाला अण्णा कशाला म्हणायचं, असं तुम्ही विचाराल. अरे बाळांनो, ते निवृत्त झाले होते. निवृत्त झालेल्यांच्या नावापुढे काहीतरी लावावंच लागतं, नाहीतर ते रुसतात.

अण्णांकडे एक काचेची पेटी होती. पेटीत खारं पाणी, वाळू, थोडे दगड आणि बुडबुडे सोडणारं एक यंत्र होतं. आणि शेंदरी होती. शेंदरी म्हणजे बोटाएवढी मासोळी, अंगावर पांढरे पट्टे. ती दगडातल्या एका भोकात राहायची. अण्णा खुर्ची ओढून बसले की बाहेर यायची.

अण्णांना मूलबाळ नव्हतं. घरात कुमुदकाकू होत्या, पण अण्णांचं सगळं बोलणं त्यांना पाठ झालं होतं. शेंदरी मात्र ते रोज नव्याने ऐकायची. अण्णांचा तिच्यावर फार जीव होता.

एके दिवशी जंगलाचे सरपंच, ऐरावतराव हत्ती, चहाला आले. पेटीकडे बघून म्हणाले, "एवढीशीच?"

झालं! त्या दिवसापासून अण्णांना पेटी लहान दिसायला लागली. शेंदरीला ती लहान वाटते का, हे त्यांनी विचारलं नाही. मोठी माणसं असलं काही लहानांना विचारत नसतात, हे तुम्हाला माहीत आहेच.

अण्णांनी मोठी पेटी आणली. इतकी मोठी, की ती आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली.

काकू म्हणाल्या, "अहो, त्यापेक्षा आपण दोघं पेटीत राहायला जाऊ. शेंदरीला घर देऊन टाकू."

अण्णा हसले नाहीत. ते मोबाईलवर एका बगळ्याचे व्हिडिओ बघत होते. बगळा मासे कसे पाळावेत ते शिकवायचा. बगळ्याला माशांबद्दल फार आस्था असते, असं अण्णांचं मत होतं. अण्णांनी सुरुवातीचा नमस्कार पाहिला आणि शेवटी चकाकणारी पेटी पाहिली. मधला भाग पुढे ढकलला.

"मधलं मला कळतं," ते म्हणाले.

मग त्यांनी शेंदरीच्या नव्या घराची वास्तुशांत ठरवली. साऱ्या जंगलाला आमंत्रण गेलं. आता नव्या घरात जुनी घाण कशी न्यायची? अण्णांच्या घरात वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी झाडूसुद्धा धुवायची पद्धत होती. आणि शेंदरीचे दगड तर बघवत नव्हते. तपकिरी, बुळबुळीत, कुठे जांभळट डाग, कुठे इवलेसे किडे वळवळतायत.

अण्णांनी शेंदरीला बादलीत ठेवलं आणि बाह्या सरसावल्या. तांदूळ धुवावेत तशी वाळू धुतली. नळाखाली एकेक दगड धरून काथ्याने खसाखसा घासला. दगड पांढरे पडले. अण्णांना स्वतःचा अभिमान वाटला.

निम्मे दगड झाल्यावर त्यांची कंबर धरली. उरलेले दगड त्यांनी प्लास्टिकच्या टबात टाकले, वर पेटीतलं जुनं पाणी ओतलं आणि टब मागच्या पडवीत सरकवला. जुनं यंत्रही त्यातच सोडलं. ते बुडबुड करत राहिलं, कारण बटण बंद करायला अण्णा पुन्हा उठले नाहीत.

"अर्धवट कामं करायची खोड काही जात नाही तुमची," काकू म्हणाल्या. "पाहुणे मागच्या दारी गेले तर काय म्हणतील?"

"परवा धुतो," अण्णा म्हणाले आणि आडवे झाले.

नव्या पेटीत नवं मीठ कालवलेलं नवं पाणी भरलं होतं. त्यात त्यांनी संध्याकाळीच शेंदरीला सोडलं. तिने एक चक्कर मारली आणि पांढऱ्या दगडाजवळ जाऊन थबकली. अण्णा म्हणाले, "बुजली असेल."

दुसऱ्या दिवशी सारं जंगल आलं. पेटीला झेंडूचं तोरण, काचेला हळदीकुंकू, द्रोणाद्रोणांतून शिरा. शेंदरी वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन भराभरा तोंड उघडत होती.

"बघा, बघा," हरिणी म्हणाली, "पाहुण्यांना या बसा म्हणतेय!"

सगळ्यांना फार कौतुक वाटलं. ऐरावतराव सोंडेत अक्षता घेऊन भाषणाला उभे राहिले. "आपले दामूअण्णा म्हणजे स्वच्छतेचा आदर्श..."

अण्णा मान खाली घालून, लाजल्यासारखं करत, काचेजवळ सरकले.

"अण्णा," आतून बारीक आवाज आला, "माझा दगड कुठाय?"

"हा काय! ओळखलाही नाहीस ना? कसा लख्ख केलाय!"

"हा मेलाय, अण्णा. त्याच्यावर जे राहत होतं ते माझं पाणी नीट ठेवायचं. इथलं पाणी झोंबतं. मला श्वास येत नाही."

आता इथे सांगायला हवं होतं की अण्णा तडक धावले. पण खोटं कशाला बोलू? आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्यावर भाषण करत होतं. दोन वाक्यं त्यांनी ऐकली. तिसऱ्या वाक्यापूर्वी शेंदरी एका कुशीवर कलली.

मग मात्र अण्णांनी सदऱ्यासकट दोन्ही हात पेटीत घातले. तोरण तुटलं, समई पडली, शिऱ्याचे द्रोण उडाले. पाण्यासकट ओंजळीत शेंदरीला धरून ते पाहुण्यांमधून धडपडत पडवीत गेले आणि तिला त्या घाणेरड्या टबात सोडलं.

ती तळाशी गेली आणि तशीच पडून राहिली.

सारं जंगल मागच्या दारात गोळा झालं. "शी! हे काय?" कुणीतरी म्हणालं. ऐरावतरावांनी सोंड वाकडी केली. "अण्णा, हे तुमच्या घरात?"

"हो, माझ्याच घरात," अण्णा म्हणाले. "मी तिला मारत होतो. खसाखसा घासून मारत होतो. आळशी म्हणून एवढे दगड राहिले. नाहीतर तुम्ही तिच्यावर अक्षता टाकल्या असत्यात, आणि मी तुमच्यापुढे नमस्कार करत उभा असतो."

कुमुदकाकू पुढे झाल्या. "मंडळी, शिरा गार होतोय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मागचं दार लावून घेतलं. मग त्या अण्णांशेजारी फरशीवर बसल्या. अर्धवट कामाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. अण्णा डोळे पुसत होते.

बऱ्याच वेळाने टबातला एक पट्टा हलला. शेंदरी उठली, एका बुळबुळीत दगडाच्या भोकात शिरली आणि तोंड बाहेर काढून बसली.

"परवा धुणार आहात का हे?" तिने विचारलं.

"नाही गं बाई," अण्णा म्हणाले. "ह्या जन्मात नाही."

शेंदरी टबातच राहिली. अण्णांनी खुर्ची पडवीत नेली. मोठी पेटी पुढच्या खोलीत तशीच आहे. पाणी नितळ, दगड पांढरेशुभ्र, आत कुणी नाही. परवा ऐरावतराव पुन्हा चहाला आले. पेटीकडे बराच वेळ बघत राहिले.

"आता शोभतेय," ते म्हणाले. "त्या माशाने जरा गचाळ दिसत होती."

तात्पर्य: मुलांनो, कुठलंही काम अगदी शेवटपर्यंत, जीव ओतून करू नये, त्यात कुणाचा तरी जीव जाऊ शकतो. अभ्यास निम्म्यावर टाकून झोपलात आणि घरी कुणी रागावलं, तर ही गोष्ट सांगा. मार चुकणार नाही. पण मारणाऱ्याने मधला भाग नीट ऐकला, तर निदान हात थोडा हलका पडेल.