समुद्री कासव पुनर्वसन समिती, प्रवराकाठ

जखमी जिवाला बरं करायला औषध लागतं, हा एक अडाणी समज आहे. आधी समिती लागते. समिती नसेल तिथे मग नाइलाजाने औषध वापरतात.

१९७१च्या उन्हाळ्यात, नेवाशाच्या खालच्या अंगाला, लंकाबाई टरबुजांच्या वेलांना पाणी घालायला प्रवरेच्या वाळूत झिरा खणत होती. कुदळ टण्‌कन वाजली. खाली कासव होतं. पाठीला तडा, तड्यातून रक्त. लंकाबाईने पदर ओला करून त्याला गुंडाळलं आणि गुरांचा दवाखाना गाठला.

“लंकाबाई, औषध हाय, पर रकाना न्हाई,” ड्रेसर कृपादान म्हणाला. नोंदवहीत गाय, बैल, म्हैस, शेळी आणि कोंबडी एवढेच रकाने होते. कापसाची पट्टी मात्र त्याने स्वतःच्या खिशातून काढून दिली. खिशाला रकाने नसतात.

कासवाचं नशीब थोर. त्याच आठवड्यात गावात एक परिपत्रक येऊन पडलं होतं: ‘किनारपट्टीवरील जखमी समुद्री कासवांचे संरक्षण व पुनर्वसन.’ सरपंच आप्पासाहेबांनी लगेच समिती स्थापली आणि गावावर उपकार म्हणून अध्यक्षपदही घेतलं. गावापासून समुद्र सव्वाशे मैल (परिपत्रकात अंतराची अट नव्हती). “प्रवरा गोदेला मिळती, गोदा समुद्राला,” आप्पासाहेबांनी खुलासा केला. “म्हंजे आपलं पाणी समुद्राचंच हाय. अजून पोचलं न्हाई, एवढंच.” ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला.

समितीचं काम डोळे दिपवणारं होतं. दोन महिन्यांत सभा सात, ठराव बावीस, उपसमित्या तीन (जखम, आहार, स्वागत), कासव एक.

इकडे लंकाबाईने ते घंगाळात ठेवलं होतं. रोज सकाळी तड्यावर हळद-तेल लावायचं, गोगलगाई वेचून घालायच्या, आणि गुणगुणायचं:

डोहाच्या राजा रं, तुझ्या पाठीला खपली
हळद लावते मी, तुझी वाट न्हाई संपली

अशा बेजबाबदार वागण्याचा व्हायचा तोच परिणाम झाला. कासव बरं झालं.

आप्पासाहेब तातडीने तिच्या दारी आले. सोमवारी तपासणीचे साहेब येणार होते. जखम पाहून ते कासवाला कायमच्या पुनर्वसनासाठी मुंबईला नेणार होते.

“आप्पासायेब, बरं झालंय ते. काल माझं बोट बी चावलं.”

“चावल्याची नोंद घिऊ. पर सोमवारपतोर त्येचं दुखणं टिकव.”

“अन् मुंबईत त्येचं कोन हाय?”

याचं उत्तर बावीसपैकी एकाही ठरावात नव्हतं.

रविवारी भर उन्हात, सगळ्या घाटासमोर, लंकाबाई घंगाळ डोक्यावर घेऊन डोहावर गेली. धुणं धुवायला आली असं वाटून कोणी विचारलं नाही. तिने घंगाळ पाण्यात कलतं केलं. कासवाने मागे वळूनही पाहिलं नाही. तिला ते फार आवडलं.

सोमवारी रिकामं घंगाळ पाहून आप्पासाहेब क्षणभरच डगमगले. मग घाटावरच्या महादेवापुढचं दगडी कासव त्यांनी धुवून घेतलं. पाठीवर पट्टी बांधली, वर ओलं गोणपाट टाकलं.

साहेब घाटावर आले. कासव चावतं हे त्यांनी इतिवृत्तात वाचलेलं होतं, म्हणून चार हात लांबून पाहणी झाली.

“कोण सांभाळतं?”

सगळ्यांनी लंकाबाईकडे पाहिलं. खरं बोलावं, तर दुपारपर्यंत डोहात जाळी पडली असती.

“खातं का नीट?” साहेबांनी विचारलं.

“खान्याचं नाव न्हाई, सायेब,” लंकाबाई म्हणाली. “पर गुनाचं लई. ठेवलं तिथनं हलत न्हाई.”

मागे कृपादानला खोकल्याची मोठी उबळ आली.

“अशा नाजूक अवस्थेत प्रवास नको,” म्हणत साहेबांनी शेरा लिहिला: ‘प्रकृती स्थिर. शुश्रूषा उत्तम. आहे तिथेच ठेवावे.’ डोहात तेवढ्यात एक काळं नाक वर आलं आणि बुडालं. ते एकट्या लंकाबाईने पाहिलं. बाकी सगळे हार घालण्यात गुंतले होते.

समितीला त्या वर्षीचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्याबद्दल ज्या वाचकांना शंका असेल, त्यांनी लेखी कळवावं. अर्जात आपण शेवटचं जिवंत कासव कधी आणि कुठे पाहिलं, ते लिहायला विसरू नये. देवळातलं चालणार नाही.